विश्वोत्पत्तिविषयक ग्रीक विचार

विश्व कशापासून व कसे निर्माण झाले आणि ते मुळात निर्माण झाले की सदैव होतेच, या प्रश्नांवर प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांनी मांडलेली मते. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. सहाव्या शतकापर्यंतचा आहे. सॉक्रेटीसपूर्व विचारवंतांपैकी एकाचाही ग्रंथ संपूर्ण उपलब्ध नाही. ॲरिस्टॉटल, त्याचा शिष्य थीओफ्रॅस्टस आणि इ. स. सहाव्या शतकातील भाष्यकार सिंप्लिशिअस यांनी दिलेली अवतरणे व सारांश यांवरच मुख्यतः विसंबावे लागते. जर्मन पंडित हेर्मान डील्स यांनी १९०३ मध्ये हे अवशेष एकत्र प्रसिद्ध केले. ॲरिस्टॉटलने पूर्वसूरींची मते आपल्या चार कारणांच्या (द्रव्य, आकार, कर्ता व प्रयोजन) चौकटीत बसवून सांगितली असल्याने त्याची साक्ष अपरिहार्य असली, तरी ती तपासूनच घ्यावी लागते.

या विचाराची पार्श्वभूमी काव्यात आहे. हेसिअडच्या ‘थिऑगनी’त (इ. स. पू. सु. ७००) प्रथम केऑस म्हणजे बहुधा एक अथांग पोकळी उत्पन्न होते, मग पृथ्वी, टार्टारस (पाताळ) व ईरॉस (प्रेमदेवता) येतात आणि पुढचा क्रम देवतांच्या वंशावळीने चालतो. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मायलीटस या ग्रीक नगरातील विचारवंतांनी या वंशावळीच्या जागी एक मूलद्रव्य व त्यात घडणाऱ्या प्रक्रिया आणल्या. थेलीझचा काळ त्याच्या नावाशी जोडलेल्या इ. स. पू. ५८५ च्या सूर्यग्रहणावरून ठरवतात. त्याने जल हे आदितत्त्व मानले असे ॲरिस्टॉटल सांगतो. मात्र सर्वांचे पोषण ओलाव्याने होते म्हणून त्याला तसे वाटले असावे, हा केवळ आपला तर्क असल्याचे ॲरिस्टॉटलनेच सूचित केले आहे.

ॲनॅक्सिमँडर (इ. स. पू. सु. ६१०–५४६) याच्याविषयी अधिक माहिती मिळते आणि वादही अधिक आहेत. जल, अग्नी यांसारखे कोणतेही एक विशिष्ट द्रव्य नव्हे, तर ‘अपायरॉन’ म्हणजे अमर्याद व अनिश्चित असे काहीतरी सर्वांच्या मुळाशी आहे, असे त्याने मानले. या शाश्वत तत्त्वातून उष्ण व शीत यांना जन्म देणारे बीज वेगळे झाले, झाडाभोवती साल असावी तसा ज्वालेचा गोल हवेभोवती तयार झाला आणि तो फुटून त्याची चक्रे बनली. हीच सूर्य, चंद्र व तारे होत. पृथ्वी स्तंभाच्या तुकड्यासारखी असून तिची जाडी रुंदीच्या एकतृतीयांश आहे आणि सर्व बाजूंनी समान अंतर असल्यामुळे ती निराधार असूनही जागच्या जागी राहते. सिंप्लिशिअसने जपलेल्या त्याच्या एकमेव अवतरणानुसार, वस्तू काळाच्या क्रमाने परस्परांवरील अन्यायाचे प्रायश्चित्त घेतात. हा अन्याय उष्ण–शीत, ओले–कोरडे अशा विरुद्ध शक्तींनी एकमेकींवर केलेला असावा, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात. विश्व अपायरॉनपासून विलग झाले हाच त्याचा अपराध, हा जुना अर्थ हस्तलिखितांतील ‘परस्परांना’ हा शब्द लक्षात घेता टिकत नाही. ॲनॅक्सिमँडरने असंख्य विश्वे मानली, असेही प्राचीन मतसंग्रह सांगतात. आधुनिक अभ्यासकांपैकी ही विश्वे एकामागून एक होतात असे त्सेलर यांनी, तर ती एकाच वेळी अस्तित्वात असतात असे बर्नेट यांनी प्रतिपादले. कॉर्नफर्ड यांनी बर्नेट यांचे खंडन केले. पुढे कर्क यांनी मात्र हे मतच नंतरच्या अणुवाद्यांकडून (विश्व अणू व पोकळी यांचे बनले आहे असे मानणाऱ्यांकडून) उसने घेऊन ॲनॅक्सिमँडरवर लादले गेले असावे, असे सुचवले. थीओफ्रॅस्टसच्या मूळ ग्रंथाअभावी हा वाद मिटणे कठीण असले, तरी कर्क यांची भूमिका पुराव्याला अधिक धरून वाटते.

ॲनॅक्झिमिनीझने वायू हे मूलद्रव्य मानून विरलीकरण व संघनन या प्रक्रियांनी त्यापासून अग्नी, मेघ, जल व पृथ्वी यांची उत्पत्ती सांगितली. हेराक्लायटसच्या मते हे विश्व कोणा देवाने वा मानवाने घडवलेले नसून ठरावीक प्रमाणात पेटणारा व विझणारा चिरंतन अग्नी आहे. त्यामुळे स्टोइकांनी (नंतरच्या एका ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या अनुयायांनी) त्याच्यावर आरोपिलेली ठरावीक कालांतराने होणाऱ्या विश्वदाहाची कल्पना अनेक आधुनिक अभ्यासकांना मान्य नाही.

या प्रवाहाला खरी अडवणूक झाली ती पार्मेनिडीझच्या युक्तिवादाने. जे नाही त्यातून काही उद्भवू शकत नाही. आणि उद्भवले असे मानले, तर ते नेमके त्याच क्षणी का, आधी किंवा नंतर का नाही? हा प्रश्न पुढील हजार वर्षांच्या चर्चेत पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. एम्पेडोक्लीझने पृथ्वी, जल, वायू व अग्नी या चार अविनाशी ‘मुळां’ना प्रेम व कलह या शक्ती एकत्र आणतात व विलग करतात, असे सांगून उत्पत्तीचा अर्थच बदलला. प्रेमाच्या पूर्ण वर्चस्वात सर्व मुळे एका गोलात एकजीव होतात. एका चक्रात सृष्टी दोनदा उत्पन्न होते की एकदाच, हा प्रश्न १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रासबूर्ग पपायरसनंतर पुन्हा चर्चेत आला आहे. ॲनॅक्सॅगोरसच्या मते प्रारंभी सर्व वस्तू एकत्र होत्या व ‘नूस’ म्हणजे बुद्धीने त्यांना परिभ्रमण दिले. या बुद्धीचा त्याने पुढे उपयोगच केला नाही, ही तक्रार प्लेटोने ‘फीडो’त सॉक्रेटीसच्या तोंडी घातली आहे. ल्युसिपस व डेमॉक्रिटस यांच्या अणुवादात अमर्याद पोकळीत अणूंच्या भोवऱ्यांतून असंख्य विश्वे बनतात व नष्ट होतात. त्यांपैकी काहींत सूर्य वा चंद्र नाही, अशीही एक नोंद सापडते.

प्लेटोच्या ‘टायमीअस’मध्ये (बहुधा इ. स. पू. ३६० च्या सुमाराचा) एक दिव्य कारागीर शाश्वत आदर्शाकडे पाहून अव्यवस्थित गतीत असलेल्या द्रव्याला सुव्यवस्था देतो. तो शून्यातून काही निर्माण करत नाही. विश्व दृश्य व स्पर्शगम्य आहे, म्हणून ते उत्पन्न झालेले आहे असे तेथे स्पष्ट म्हटले आहे; पण हे विधान शब्दशः घ्यावे काय, हा प्राचीन काळापासूनचा वाद आहे. ॲरिस्टॉटलने ते शब्दशः घेतले आणि उत्पन्न झालेले विश्व अविनाशी असणे अशक्य आहे, असा आक्षेप घेतला. उलट प्लेटोचा शिष्य झिनॉक्रटीझ व त्याच्या पक्षातील अकादमीच्या (प्लेटोच्या विद्यापीठाच्या) विचारवंतांनी, भूमितीकार जशी समजावण्यासाठी आकृती टप्प्याटप्प्याने काढतो, तशी ही उत्पत्तिकथा केवळ अध्यापनाच्या सोयीसाठी आहे, असे म्हटले. भूमितीच्या आकृतीत सर्व घटक एकाच वेळी गृहीत धरता येतात, पण अव्यवस्था व व्यवस्था एकत्र नांदू शकत नाहीत, असे ॲरिस्टॉटलचे त्यावरील उत्तर होते. काळ आकाशाबरोबरच निर्माण झाला असे त्याच ग्रंथात म्हटले असल्याने त्याच्या ‘आधी’ अव्यवस्थित गती कशी असेल, ही शब्दशः अर्थापुढील मोठी अडचण आहे. तरीही प्लूटार्क व ॲटिकस या नंतरच्या प्लेटोवाद्यांनी तोच शब्दशः अर्थ स्वीकारला. आधुनिकांत टेलर, कॉर्नफर्ड व चर्निस यांनी रूपकात्मक अर्थ घेतला, तर व्लास्टॉस यांनी १९३९ मध्ये शब्दशः अर्थाचे समर्थन केले. ॲरिस्टॉटल सुमारे वीस वर्षे अकादमीत होता, त्यामुळे त्याची साक्ष बाजूला सारणे सोपे नाही. मात्र झिनॉक्रटीझही तेथीलच होता.

स्वतः ॲरिस्टॉटलने विश्व अनादी व अनंत मानले. त्यामुळे त्याच्या दर्शनात उत्पत्तीचा प्रश्न उरत नाही. गतीचे अंतिम कारण काय, एवढाच उरतो. एपिक्युरसच्या अनुयायांनी अणुवाद पुढे नेला. स्टोइकांनी सर्जक अग्नीतून विश्व पुन्हा पुन्हा जन्मते व त्यातच लय पावते असे मानले. त्यांच्यातीलच पनीशिअसने मात्र या विश्वदाहाविषयी शंका घेतली.

नवप्लेटोवादी (प्लेटोच्या विचारांना उत्तरकाळात नवे रूप देणाऱ्या संप्रदायाचा) प्रोक्लसने विश्वाच्या अनादित्वासाठी अठरा युक्तिवाद रचले. अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती विचारवंत जॉन फिलॉपोनस याने त्यांना इ. स. ५२९ मध्ये क्रमवार उत्तर दिले. विश्व अनादी असेल, तर आजवर अनंत वर्षे प्रत्यक्ष होऊन गेली असे मानावे लागेल आणि उद्या त्या अनंतात भर पडेल. ॲरिस्टॉटलने तर असे प्रत्यक्ष अनंत नाकारले आहे, असा फिलॉपोनसचा मुख्य आक्षेप होता. सिंप्लिशिअसने त्याचे कठोर शब्दांत खंडन केले आणि फिलॉपोनसच्या ॲरिस्टॉटलविरोधी ग्रंथातील अनेक उतारे त्या खंडनामुळेच शिल्लक राहिले आहेत.