हाडे मोजण्यापासून नाडी मोजण्यापर्यंत : शरीर शिकवण्याची पार्श्वभूमी

नाशिकला दिंडोरी रोडवर, म्हसरूळमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, दंतवैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची महाविद्यालये जोडलेली आहेत. पदवी कोणतीही असो, सुरुवातीला शरीराची ओळख करून घ्यावीच लागते. एमबीबीएसला अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, बीएएमएसला रचना शारीर आणि क्रिया शारीर. आधी अवयव कुठे आहे ते पाठ करायचे, तो काय करतो ते नंतर, दुसऱ्या विषयात, दुसऱ्या शिक्षकांकडून. शाळेतही विज्ञानाच्या पुस्तकातली नावे दिलेली आकृती आधी काढून घेतली जाते. या क्रमाला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास सारखे एकच दाखवतो : पुस्तक शरीराच्या आड आले की चुका शेकडो वर्षे टिकतात.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, शरीर तपासण्याची कृती दिली आहे. मृतदेह सर्व अवयवांसह हवा. विषाने मेलेल्याचा, दीर्घ आजाराने खंगलेल्याचा किंवा शंभरीला पोचलेल्याचा नको. आतड्यांतला मळ काढायचा. देह मुंज गवत, झाडाची साल, कुश गवत, ताग यांपैकी कशात तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवायचा आणि वाहत्या नदीत आडोशाच्या जागी कुजू द्यायचा. सात रात्रींनंतर तो बाहेर काढून वाळा, केस, बांबू किंवा बल्वज गवताच्या कुंचीने हळूहळू घासायचा आणि त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. नुसता ग्रंथ किंवा नुसते पाहणे पुरत नाही, दोन्ही जुळले की ज्ञान वाढते, असेही तिथे बजावले आहे.

या पद्धतीचे गुण आणि मर्यादा दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. पिंजऱ्यामुळे मासे आणि जनावरे देहाला हात लावू शकत नाहीत, वाहत्या पाण्याने त्वचा आणि स्नायू सैल होतात, आणि शस्त्राने कापताना जी पातळ आवरणे तुटून जातात ती घासताना सुटी होतात. हाडे, सांधे, स्नायुबंध उत्तम दिसतात. मात्र सात दिवसांत मेंदू पाघळतो, बारीक नसा आणि रक्तवाहिन्या कुजतात. संहितेत हाडे, सांधे आणि 107 मर्मांचे (घाव बसला तर जिवावर बेतू शकते अशा जागांचे) तपशील भरगच्च आहेत, पण मेंदू आणि चेतातंतूंविषयी तसे नाही. त्याचे एक कारण या कृतीतच असावे.

हाडांच्या संख्येवरून विद्यार्थी हमखास गोंधळतात. चरक 360 सांगतो, सुश्रुत 300 आणि आजचे पुस्तक 206. जुन्यांना मोजता येत नव्हते, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. सुश्रुताच्या पाच प्रकारांत रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कूर्चा हेही अस्थीच आहेत. चरकाच्या यादीत नखेसुद्धा येतात. आजच्या मोजणीत यातले काहीच धरत नाहीत : कवटी आणि चेहरा 22, कानांतली 6, जिभेच्या मुळाशी 1, पाठीचा कणा 26, बरगड्या 24, उरोस्थी 1, दोन्ही हात खांद्याच्या हाडांसह 64, दोन्ही पाय कटीच्या हाडांसह 62. बेरीज 206. नवजात बाळाच्या शरीरात हाडांचे सुटे तुकडे याहून बरेच जास्त असतात, ते वाढीबरोबर सांधले जातात. वर्गात तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहून ‘यात काय काय धरले आहे?’ एवढेच विचारले, तर मुले व्याख्या आणि मोजणीचा संबंध स्वतः शोधतात.

पुढच्या शतकांत आपल्याकडे प्रत्यक्ष पाहणे मागे पडले आणि पाठांतर उरले. युरोपातही निराळे घडले नाही. रोममध्ये माणसाचे शरीर उघडण्याची मुभा नसल्याने गॅलेन या ग्रीक वैद्याने माकडे आणि इतर प्राणी तपासले, आणि त्याचे निष्कर्ष माणसाला लागू धरले गेले. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, अशी विधाने सुमारे 1300 वर्षे शिकवली गेली. या काळात शेवटी शेवटी विच्छेदन होत होते, पण प्राध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचत, खाली दुसराच माणूस कापत असे आणि विद्यार्थी लांबून पाहत. समोरच्या देहात जबडा एकसंध दिसत असूनही पोथी खरी ठरे. शरीररचना शिकवणारा व्हेसॅलियस मात्र आसनावरून खाली उतरला आणि त्याने स्वतः कापायला सुरुवात केली. 1543 मध्ये त्याचा सचित्र ग्रंथ छापून आला.

पडद्यातल्या छिद्रांचा शेवटचा निकाल मात्र विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 मध्ये लावला, तोही गुणाकाराने. त्याचा हिशेब आजच्या आकड्यांत मांडला तर असा : हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला 72 ठोके धरले तर 5 लिटर. तासाला 300 लिटर. शरीरात रक्त असते साधारण 5 लिटर. गॅलेनच्या मते रक्त अन्नापासून यकृतात तयार होऊन शरीरात संपून जाई; पण इतके रक्त सतत तयार होणे शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. रचनेला क्रियेशी जोडणारा हा युक्तिवाद आठवीतल्या मुलांनाही झेपतो. प्रत्येकाने मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाने नाडी मोजायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याला स्वतःचे स्पंदन जाणवते आणि आकडा चुकतो. पंधरा सेकंदांच्या मोजणीत एका ठोक्याची चूक मिनिटाला चारची होते, म्हणून पूर्ण मिनिट मोजावे. धमनीतून शिरेत रक्त कसे जाते, ही एकच कडी हार्वेला दिसली नव्हती. 1661 मध्ये माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

छिद्रांचा हा वाद नाशिकमधल्या कोणत्याही शाळेत मटणाच्या दुकानातून आणलेल्या बकऱ्याच्या हृदयावर सोडवता येतो. फक्त दुकानदाराला आधी सांगून ठेवावे लागते, कारण रक्त निघून जावे म्हणून तो हृदय चिरून देतो आणि वरच्या नळ्या मुळाशी उडवतो. ‘चिरू नका, वरच्या नळ्या दोन-तीन बोटे ठेवा’ असे सांगितले की काम होते. हृदय गार पाण्यात धुवावे. गरम पाण्याने स्नायू शिजल्यासारखा आकसतो आणि झडपा कडक होतात. आतल्या रक्ताच्या गाठी दाबून काढाव्यात. मग बोटांनी दाबून पाहावे : जी बाजू घट्ट लागते ती डावी, जी पिचते ती उजवी. महाधमनीत वरून पाणी ओतले की तीन पाकळ्यांची झडप मिटते आणि पाणी वर साठते. थोड्या वेळाने पातळी उतरू लागते, तेव्हा झडप गळते आहे असे शिक्षकही सांगून मोकळे होतात. खरे तर पाणी झडपेच्या लगेच वर असलेल्या दोन छिद्रांतून हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरत असते. हार्ट अॅटॅक नेमका कुठे होतो हे सांगायला याहून चांगली वेळ नाही. समोरच्या तिरप्या खाचेपासून बोटभर अंतर सोडून दोन्ही कप्पे उघडावेत; ब्लेड शिक्षकांच्याच हातात असावे. डाव्या कप्प्याची भिंत उजव्याच्या तिपटीच्या आसपास जाड भरते. मधल्या पडद्यावर बोथट सळई फिरवून पाहावी : छिद्र सापडत नाही.

आकृतीतल्या रंगांनी झालेला घोळही इथेच निस्तरता येतो. लाल ती धमनी आणि निळी ती शीर असे पाठ झाल्याने ‘धमनीत शुद्ध रक्त असते’ ही व्याख्या मुलांच्या वहीत पक्की बसते, आणि फुप्फुसधमनी आली की कोसळते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, एवढेच खरे. ऑक्सिजन कमी झालेले रक्तही गडद लालच असते. दुसरी नेहमीची चूक डाव्या-उजव्याची. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचे डावे आपल्या उजवीकडे येते.

आधुनिक शिक्षण आपल्याकडे आले ते 1835 च्या कलकत्ता मेडिकल कॉलेजातून. पंडित मधुसूदन गुप्त हे संस्कृत शिकलेले वैद्य. त्यांनी 1836 मध्ये तिथे मानवी देहाचे विच्छेदन केले आणि सामाजिक निषेधाची भिंत ओलांडली. सुश्रुत वाचलेल्या माणसाच्या हातून हे घडले, याचे महत्त्व आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायला हवे. मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. पुढे तिथे मराठी माध्यमाचा वर्गही चालला. लंडनमध्ये 1858 मध्ये निघालेल्या हेन्री ग्रेच्या प्रसिद्ध अॅनाटॉमी ग्रंथाची 363 चित्रे ज्याने काढली, तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच साली मुंबईत नोकरीला आला आणि याच कॉलेजात अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी शिकवू लागला. त्या चित्रांची खुबी म्हणजे नाव बाजूला न लिहिता थेट त्या भागावरच लिहिलेले असे. विद्यार्थ्याला त्याने फार मदत झाली, पण नाव ओळखणे म्हणजेच शरीर ओळखणे ही सवयही त्या छापील पानांनी बळकट केली.

आयुर्वेदाच्या बाजूने नाशिकचे नाव इथे येते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात 1907 मध्ये नाशिकला झाली. वैद्यांचे शिक्षण गुरूच्या घरातून महाविद्यालयात आणि ठरलेल्या अभ्यासक्रमात आणण्याच्या चळवळीतला हा मोठा टप्पा. त्यानंतर शुद्ध (फक्त आयुर्वेदाचा) की मिश्र (आधुनिक वैद्यकासह) अभ्यासक्रम हा वाद अनेक दशके चालला. शरीररचनेपुरता तो आता उरलेला नाही : आयुर्वेद महाविद्यालयांत सुश्रुताचा पाचवा अध्याय वाचला जातो आणि विच्छेदनही होते, फक्त नदीऐवजी फॉर्मॅलिन या देह टिकवणाऱ्या द्रवावर.

फॉर्मॅलिनने ऊती पक्क्या होतात हे फर्डिनांड ब्लूमने 1893 मध्ये दाखवले. आज मांडीच्या किंवा मानेच्या धमनीतून फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, स्पिरिट आणि जंतुनाशक यांचे काही लिटर मिश्रण देहात सोडतात. वाहिनीत गाठी असल्या की द्रव बोटांपर्यंत पोचत नाही, आणि तो भाग मऊ पडून कुजतो. म्हणून हातापायांत वेगळी इंजेक्शने द्यावी लागतात. काम संपल्यावर देह ओल्या कापडाने झाकला नाही तर आठवड्यात स्नायू चामट होतात आणि नसा तुटू लागतात. वास डोळ्यांत झोंबतो, त्यामुळे हॉलमधली हवा खेळती हवी आणि कॉन्टॅक्ट लेन्स नको.

देह मिळण्याची कायदेशीर वाट 1949 च्या मुंबई शरीररचना कायद्याने खुली केली. बेवारस मृतदेह शिक्षणासाठी मिळू लागले. नंतर देहदानाची चळवळ वाढली. आडगावला 1990 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर नाशिकमध्येच एमबीबीएसचा विच्छेदन हॉल आला. कुटुंबांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी : शवचिकित्सा झालेला, संसर्गजन्य आजाराचा किंवा कुजू लागलेला देह सहसा स्वीकारत नाहीत, आणि फॉर्म भरलेला असला तरी शेवटी नातेवाइकांची संमती लागते. नेत्रदान मात्र देहदानाबरोबर करता येते. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात देह हा पहिला शिक्षक मानून त्याच्याशी आदराने वागणे हाही शिकवण्याचा भाग आहे, आणि तो उशिरा का होईना आला हे फार चांगले झाले.

फिजिऑलॉजी वेगळी झाली ती 19व्या शतकात, उपकरणांमुळे. कार्ल लुडविगने 1847 मध्ये कायमोग्राफ बनवला. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम फिरायचा, बेडकाच्या पोटरीच्या स्नायूला जोडलेली सुई त्यावर आकुंचनाचा आलेख ओढायची. काजळी जाड बसली तर सुई अडके, पातळ बसली तर रेघ दिसेना. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्रातले विच्छेदन बंद केले. वैद्यकातही बेडकाची जागा संगणकावरच्या आलेखांनी घेतली आहे. सांगाड्यांचे तसेच झाले. भारताने 1985 मध्ये मानवी हाडांची निर्यात थांबवली, आणि आता शाळांत दिसतो तो प्लास्टिकचा. त्यावर जिभेच्या मुळाशी असलेले हाड बरेचदा नसतेच, कारण ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांधलेले नाही.

प्लास्टिकची आणि संगणकाच्या पडद्यावरची शरीरे एकाच साच्यातली असतात, माणसे नसतात. हे दाखवायला खर्च लागत नाही. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट किंचित आत वळवायचे : मध्यभागी एक दोरी उठून दिसते, ती पामॅरिस लाँगस स्नायूची. वर्गात काही मुलांना ती एका हाताला दिसत नाही, काहींना दोन्हीला. पकडीत त्यामुळे काही फरक पडत नाही, आणि शस्त्रक्रियेत दुसरीकडे बसवण्यासाठी सर्जन हीच दोरी काढून घेतात. आकृती काढण्याआधी ही चाचणी घेतली, तर पुस्तकातला हात आणि आपला हात यांत फरक असू शकतो हे मुलांना पहिल्याच तासाला कळते.