लायसँडर विमान

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शाही हवाई दलाने वापरलेले एक-एंजिनी, उंच पंखांचे टेहळणी व संपर्क विमान. निर्माते इंग्लंडमधील येओव्हिल येथील वेस्टलँड कंपनी. पहिले उड्डाण १५ जून १९३६. पंखविस्तार १५.२४ मी.; पहिल्या व तिसऱ्या आवृत्तीत ब्रिस्टल मर्क्युरी, तर दुसरीत पर्सियस एंजिन. एकूण उत्पादन बहुधा १,७८६ (त्यांत कॅनडातील २२५) दिले जाते; काही ग्रंथांत आकडा याहून कमी आहे. आराखड्याचे श्रेय सहसा वेस्टलँडचे अभियंते टेडी पेटर यांना एकट्यालाच देतात; मूळ कल्पना त्यांची आणि तपशीलवार आखणी आर्थर डॅव्हनपोर्ट यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पंखाच्या पुढच्या कडेचे स्लॅट (कमी वेगातही उचल टिकवणाऱ्या पट्ट्या) वेग घटताच आपोआप उघडत. आतील स्लॅट फ्लॅपना (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपांना) जोडलेले असल्याने फ्लॅपही त्याबरोबर खाली येत. वैमानिकाला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. त्यामुळे ताशी सुमारे १०५ किमी. इतक्या कमी वेगातही विमान ताब्यात राही. धोका होता तो शेपटीच्या ट्रिममध्ये, म्हणजे आडव्या शेपटीचा कोन चाकाने बदलण्याच्या सोयीत. उतरताना आडवी शेपटी नाक वर धरणाऱ्या कोनात फिरवलेली असे. उतरणे रद्द करून एंजिनाला एकदम पूर्ण शक्ती दिल्यास नाक झपाट्याने वर जाई आणि नुसती नियंत्रण-कांडी पुढे रेटून ते आवरत नसे. ट्रिमचे चाक वेळीच फिरवले नाही, तर वेग गळून विमान जमिनीलगतच कोसळे. चाकांवरील आवरणांत प्रत्येकी एक ब्राउनिंग मशीनगन व उतरण्याचा दिवा असे. हलके बॉम्ब त्यांनाच जोडलेल्या आखूड पंखांखाली लावत.

दिवसाच्या लढाईत हे विमान टिकले नाही. फ्रान्स-बेल्जियममध्ये १९३९-४० साली पाठवलेल्या १७५ पैकी ११८ विमाने गमावली गेली. रात्री मात्र तोच मंद वेग उपयोगी पडला. ऑक्टोबर १९४० पासून व्याप्त फ्रान्समधील शेतांत हेर उतरवणे व परत आणणे सुरू झाले. या विमानांना पोटाखाली सुमारे ६८० लिटरची जादा टाकी आणि डाव्या कुशीला पक्की शिडी असे. मशीनगन काढलेल्या असत. उड्डाणे चांदण्या रात्रीच होत. खाली तीन विजेऱ्या उलट्या ‘एल’च्या आकारात लावत : उतरण्याच्या रेषेत दोन, सुमारे १५० मी. अंतरावर, तिसरी दुसरीपासून उजवीकडे ५० मी. खालून विजेरीने दिलेले ठरलेले मोर्स अक्षर दिसले नाही, तर उतरायचे नाही असा नियम होता. अधिकृत क्षमता दोन प्रवाशांची, पण तीन सर्रास नेत. चिखलात चाके रुतणे आणि परतीच्या वेळी इंग्लंडच्या तळावर धुके, ही अपघातांची नेहमीची कारणे. संपूर्ण काळा रंग ढगांवर उठून दिसतो, हे लक्षात आल्यावर वरची बाजू हिरवट-करडी केली गेली. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्तहेर नूर इनायत खान याच प्रकारच्या विमानाने फ्रान्सला गेल्या.

भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १९४१ मध्ये १२ लायसँडर मिळाली. त्यांचा खर्च मुंबईकरांच्या युद्धनिधीतून झाला होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये स्क्वाड्रन लीडर क. कृ. मजुमदार यांनी ब्रह्मदेशातील टाऊंगू येथून थायलंडमधील जपानी विमानतळावर बॉम्बहल्ला केला. टेहळणीच्या विमानाचा हा वापर तात्पुरता जुळवलेल्या बॉम्बकड्यांमुळे शक्य झाला. त्याच वर्षी स्क्वाड्रनला हरिकेन विमाने मिळाली. इतरत्र उरलेली लायसँडर नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्य ओढण्यास वापरली गेली.