मॉरिशसचा केस्ट्रेल: चार पक्ष्यांपासून शेकड्यांपर्यंत, आणि पुन्हा 'संकटग्रस्त' यादीत

2014 साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत मॉरिशस केस्ट्रेलच्या नावापुढची नोंद बदलली. 'असुरक्षित' गटातून त्याला पुन्हा जास्त धोक्याच्या 'संकटग्रस्त' गटात टाकण्यात आलं. पक्षी वाचवता येतो हे पटवून देण्यासाठी वीस वर्षं जगभर ज्याचं नाव घेतलं गेलं, त्याच पक्ष्याची ही पीछेहाट. तो मरता मरता कसा वाचला हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. त्याच्या जंगलाचं काय झालं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि 2014 ची नोंद त्याशिवाय समजत नाही.

केस्ट्रेल हा ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर पंख फडफडवत हवेत एका जागी थांबलेला दिसतो, तो याचा भाऊबंद. मॉरिशसचा केस्ट्रेल घडला तो दाट जंगलात, म्हणून त्याचे पंख आखूड आणि गोलसर. फांद्यांमधून झपकन वळायला तसेच पंख लागतात. नराचं वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम, मादी थोडी मोठी. मुख्य खाद्य म्हणजे फेल्सुमा जातीच्या हिरव्यागार पाली. या पाली दिवसा वावरतात, खोडांवर नि पानांवर ऊन खात बसतात. केस्ट्रेल फांदीवरून सुटतो, झाडीतूनच छोटी झेप घेतो आणि पाल उचलतो. त्यासाठी मोठी झाडं हवीत आणि त्यांच्यामध्ये उडायला मोकळी जागाही हवी.

हे जंगल संपायला 1638 पासून सुरुवात झाली. डच आले ते एबनीच्या काळ्या लाकडासाठी. त्यांच्यानंतर फ्रेंचांनी शेती वाढवली आणि इंग्रजांच्या काळात उसाने बेट व्यापलं. 1834 पासून या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसं होती, आजचा मॉरिशसचा मराठी समाज त्यांच्याच वंशातला. पक्ष्याची गोष्ट सांगताना उसाला दोष देणं सोपं आहे. पण ज्यांच्या हातून ती रानं तोडून घेतली गेली, त्या माणसांना त्यात काही निवड नव्हती, हे विसरू नये. आज चांगल्या प्रतीचं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

जे उरलं त्यातही बाहेरून आणलेले प्राणी शिरले. उंदीर, मांजरं आणि लांब शेपटीची माकडं आधीच होती. 1900 च्या सुमारास उंदरांचा बंदोबस्त करायला म्हणून हिंदुस्थानातून मुंगसं नेली. उंदीर काही संपले नाहीत, मुंगसांनी पक्ष्यांचीही शिकार सुरू केली. कोंबड्यांची पिल्लं पळवतो असा आळ घेऊन लोकांनी केस्ट्रेलवर बंदुका चालवल्या त्या वेगळ्याच. पुढे मलेरियाविरुद्धच्या मोहिमेत आणि शेतात डीडीटीची फवारणी झाली. डीडीटी किड्यांतून पालींत, पालींतून शिकारी पक्ष्यात साठत जातं आणि अंड्यांची कवचं पातळ होतात. 1960 साली कॅरोल चक्रीवादळाने उरलंसुरलं जंगलही झोडपलं.

1974 मध्ये जंगलात केस्ट्रेल उरले होते फक्त चार. त्यांत वीण करणारी मादी एकच. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी अशी त्याची ओळख झाली. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन संशोधक स्टॅन्ली टेम्पल यांनी काही पक्षी पकडून बंदिस्त विणीचा प्रयत्न सुरू केला होता. एक पिल्लू जन्मालाही आलं, पण उबवणी यंत्र बंद पडलं आणि तेही गेलं. त्याच सुमारास रानातल्या जोडीने झाडाच्या ढोलीऐवजी उभ्या कड्यातल्या कपारीत घरटं केलं, असं टेम्पल यांनी नोंदवलं आहे. तिथे माकडांचा हात पोहोचत नव्हता. पिल्लं वाढली आणि पुढे त्यांनीही कडाच निवडला. माणसाची मदत कामी येण्याआधी या पक्ष्याने स्वतः काढलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

1979 मध्ये वेल्सचा कार्ल जोन्स हा पंचविशीतला तरुण बेटावर आला. प्रकल्प आवरता घ्यायचा, असं पाठवणाऱ्यांचं मत होतं. लहानपणी शिकारी पक्षी पाळलेल्या जोन्सने ते मनावर घेतलं नाही. त्याची पद्धत अशी: कड्यावर चढून घरट्यातली पहिली अंडी काढायची आणि यंत्रात उबवायची. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, म्हणजे एका हंगामात दुप्पट पिल्लांची शक्यता. रानातल्या जोड्यांना जास्तीचं खाणंही दिलं जाई. शीळ ऐकली की केस्ट्रेल झाडीतून यायचा आणि हवेत फेकलेला पांढरा उंदीर वरच्यावर झेलून न्यायचा. पोट भरलेली मादी अंडी लवकर घालते, हे साधं ज्ञान शिकारी पक्षी पाळणाऱ्यांकडे आधीपासूनच होतं.

प्राण्यांवर लिहिणारे गेराल्ड डरेल यांची जर्सी बेटावरची वन्यजीव संस्था पाठीशी उभी राहिली, शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या पेरेग्रिन फंडानेही हात दिला. 1984 ते 1994 या काळात 331 पक्षी सोडले गेले. 1987 पासून पूर्वेकडच्या बाम्बू डोंगरांत, जिथे हा पक्षी नाहीसा झाला होता तिथे, तो पुन्हा दिसू लागला.

मग आलं 1994. केस्ट्रेल 'संकटग्रस्त'मधून 'असुरक्षित'मध्ये आला. पक्षी सोडण्याचं काम थांबलं. नैर्ऋत्येकडच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं सुमारे साडेसहा हजार हेक्टर जंगल त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं. 2000 च्या सुमारास एकूण संख्या 500 ते 800 असावी असा अंदाज होता. कागदावर सगळं बरं दिसत होतं.

माझ्या मते घोळ झाला तो इथेच. पक्ष्यांची संख्या वाढली होती, जंगल वाढलेलं नव्हतं. उद्यानाच्या आतही तांबडा पेरू आणि प्रिव्हेट यांसारख्या परक्या झुडपांची दाटी माजत राहिली. त्या गचपणात मूळ झाडांची रोपं वर येत नाहीत आणि केस्ट्रेलला झेप घ्यायला वावही राहत नाही. उंदीर, मुंगूस, मांजर, माकड सगळे जागच्या जागी होते. उत्तरेकडे मोका रांगेत सोडलेल्या पक्ष्यांची वस्ती टिकली नाही. पुढच्या दशकात एकूण संख्या चारशेच्या आसपास आली आणि 2014 मध्ये नोंद बदलावी लागली.

आणखी एक गोष्ट या घसरणीमागे उभी आहे. संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांतून काढलेल्या जनुकांचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या केस्ट्रेलमध्ये जी विविधता होती, तिचा मोठा भाग आजच्या पक्ष्यांत उरलेला नाही, कारण जवळजवळ सगळे त्या एकाच जोडीचे वंशज आहेत. गमावलेली ती विविधता अंडी उबवून परत आणता येत नाही. हवामानही साथ देत नाही. बाम्बू डोंगरांतल्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की विणीच्या आधीच्या पावसाचे दिवस वाढले की अंडी उशिरा घातली जातात. मग पिल्लं सापडतात ऐन पावसाळ्यात, आणि त्यांच्या जगण्याची शक्यता घटते.

याच बेटावरचे गुलाबी कबूतर आणि एको पोपट शेजारी ठेवून पाहिले, की फरक ठळक होतो. दोघेही एकेकाळी दहाच्या घरात आले होते. त्यांची खाद्यकेंद्रं, घरटी आणि आजारांवरचं लक्ष कधी सुटलं नाही. कबूतर 2018 मध्ये आणि पोपट 2019 मध्ये 'असुरक्षित' गटापर्यंत वर आले. केस्ट्रेलवरचं लक्ष मात्र तो सावरला असं समजून बरंचसं काढून घेतलं गेलं होतं.

2022 मध्ये मॉरिशसने केस्ट्रेलला राष्ट्रीय पक्षी घोषित केलं. मान त्याला मिळायलाच हवा होता. पण त्याला आज गरज आहे ती उद्यानातल्या कुंपण घातलेल्या तुकड्यांवर चालणाऱ्या कामाची: परकी झुडपं हाताने उपटणं, मूळ झाडं लावणं, माकडं आत येणार नाहीत असं पाहणं, घरट्यांच्या पेट्या दर हंगामाआधी दुरुस्त करणं. हे काम खर्चाचं आहे आणि एका जागी दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं, कारण पेरूचं बी पक्षी आणि माकडं सगळीकडे पसरवत राहतात.