रंग खोलीवर मोजणारा कॅमेरा

सिग्मा कंपनीचा डीपी२ मेरिल हा कॅमेरा कुणाच्या हातात दिला, की पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न सुरू होतात. झूम कुठे आहे? नाही. फ्लॅश? नाही. डोळा लावून बघायची खिडकीही नाही आणि हात हलला तर सावरून घेणारी यंत्रणाही नाही. लेन्स एकच, ३० मिलिमीटरची, बॉडीला कायमची जोडलेली. बॅटरी एका चार्जमध्ये शंभर फोटोही काढत नाही. कंपनीचाच अधिकृत आकडा ९७ होता, म्हणून खोक्यात दोन बॅटऱ्या यायच्या. फोटो काढला की तो कार्डावर उतरेपर्यंत कॅमेरा बराच वेळ आपल्याच कामात गुंतलेला असतो. उजेड कमी झाला की रंग बिघडतात.

२०१२ साली आलेला हा कॅमेरा माझ्याकडे आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. कारण एकदा स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला की कळतं. भर उन्हात काढलेला झाडाच्या खोडाचा फोटो घ्या. सालीवरची प्रत्येक भेग, भेगेच्या आतली सावली, दगडफुलाची राखाडी-हिरवी नक्षी आणि तिच्या कडेची बारीक पांढुरकी किनार, हे सगळं पूर्ण आकारात पाहतानाही सुटं सुटं दिसतं. एका पिक्सेलवर हिरवा आणि लगेच शेजारच्या पिक्सेलवर तपकिरी असा स्वच्छ बदल होतो, मध्ये मिळमिळीत पट्टा येत नाही. सगळं जणू हाताला लागेल असं वाटतं.

हा तपशील आणि वर सांगितलेल्या बहुतेक खोडी एकाच ठिकाणाहून येतात. ते ठिकाण म्हणजे सिलिकॉनचा काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर.

आधी नेहमीचा कॅमेरा कसा बघतो ते पाहू. सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, प्रत्येक पिक्सेल मुळात रंगांधळा असतो. त्याच्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पडतात. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते मोजले जातात. किती प्रकाश आला हे कळतं, कोणत्या रंगाचा आला हे कळत नाही. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी यावर काढलेल्या उपायाला १९७६ साली पेटंट मिळालं. प्रत्येक पिक्सेलवर एक इवलासा रंगीत फिल्टर बसवायचा. चार पिक्सेलच्या चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण आपला डोळा बारीक तपशील मुख्यतः हिरव्या भागातल्या प्रकाशावरून टिपतो. आज जवळपास सगळे फोन आणि कॅमेरे याच मांडणीवर किंवा तिच्या एखाद्या भावंडावर चालतात.

याचा अर्थ असा, की प्रत्येक पिक्सेलला तीनपैकी एकच रंग खरोखर माहीत असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने भरले जातात. हे गणित आता फार चांगलं झालं आहे आणि त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. पण कापडाची वीण पिक्सेलच्या जाळीइतकी बारीक झाली की अंदाज चुकतो आणि राखाडी शर्टावर नसलेले रंगीत पट्टे उमटतात. ते टाळायला अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पसरवणारा एक फिल्टर बसवत. म्हणजे लेन्सने मिळवलेली धार मुद्दाम थोडी बोथट करायची.

रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी मांडायचे (मोज़ेक) की थर एकावर एक ठेवायचे, हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याहून बराच जुना आहे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या ऑटोक्रोम काचांवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. तेही एक मोज़ेकच. पुढे १९३५ साली कोडाक्रोम फिल्म आली आणि तिने निळा, हिरवा, लाल यांना संवेदनशील असे थर एकावर एक ठेवले. फिल्मच्या दुनियेत थरांची पद्धत जिंकली. डिजिटलमध्ये मात्र मोज़ेकच टिकलं, आणि सिग्माचा हा कॅमेरा त्या प्रवाहाविरुद्ध पोहणारा.

त्याच्या सेन्सरचं नाव फोव्हिऑन. तो बनवणारी याच नावाची कंपनी १९९७ साली सुरू झाली. कॅल्टेक या अमेरिकी तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक कार्व्हर मीड हे तिच्या संस्थापकांपैकी एक. थरांचा सेन्सर घडवणाऱ्या अभियंत्यांत रिचर्ड मेरिल प्रमुख होते. २००८ साली त्यांचं निधन झालं आणि पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यांना सिग्माने त्यांचं नाव दिलं. एखाद्या अभियंत्याचं नाव कॅमेऱ्यावर छापलं जाणं दुर्मीळ आहे आणि मला ते फार योग्य वाटतं.

मेरिल यांनी ज्याचा उपयोग केला तो सिलिकॉनचा गुण असा. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये ऊर्जा जास्त असते, लाल प्रकाशाच्या फोटॉनमध्ये कमी. जास्त ऊर्जेचा फोटॉन सिलिकॉनमध्ये लवकर शोषला जातो, कमी ऊर्जेचा खोल जातो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आतच बराचसा संपतो. ५५० नॅनोमीटरचा हिरवा सुमारे दीड मायक्रॉन जातो, तर ६५० नॅनोमीटरचा लाल तीन मायक्रॉनच्याही पुढे. मग एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवर तीन थर ठेवले, तर रंगीत फिल्टरची गरजच उरत नाही. प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंगांची माहिती जागच्या जागी मिळते. शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही, म्हणून खोटे रंगीत पट्टे नाहीत, म्हणून प्रतिमा पसरवणारा फिल्टर नाही, म्हणून ती धार.

डीपी२ मेरिलची जाहिरात ४६ मेगापिक्सेल अशी होती ती या हिशेबाने. प्रत्यक्ष फोटो ४७०४ गुणिले ३१३६ पिक्सेलचा, म्हणजे सुमारे दीड कोटी जागा आणि प्रत्येक जागी तीन मोजण्या. आकड्यांवरून तेव्हा बराच वाद झाला. माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत, पण छापून भिंतीवर लावायच्या फोटोचा आकार दीड कोटीच धरावा. एवढ्या मोजण्या वाचायच्या, पन्नास एमबीच्या आसपासची रॉ फाइल (सेन्सरची कच्ची मोजमापं जशीच्या तशी ठेवणारी) बांधायची आणि कार्डावर लिहायची, तेही २०१२ च्या प्रोसेसरवर. बॅटरी आणि वेळ तिथे खर्च होतात.

रंग का बिघडतात, ही यातली सगळ्यात रंजक गोष्ट. तीन थर म्हणजे तीन चाळण्या, असं चित्र मनात येतं, पण चाळणी जाड-बारीक दाणे नीट वेगळे करते आणि सिलिकॉन तसं करत नाही. फोटॉन कुठे शोषला जाईल हा संभाव्यतेचा खेळ आहे. वरच्या थरात निळ्याचं प्रमाण जास्त, पण हिरवे आणि लाल फोटॉनही तिथेच शोषले जातात. मधल्या थराची आणि तळाचीही अशीच सरमिसळ. म्हणून शुद्ध रंग मिळवायला थरांच्या आकड्यांची एकमेकांतून वजाबाकी करावी लागते.

आणि वजाबाकी चुका वाढवते. समजा एका थराचं मोजमाप १०० आलं, दुसऱ्याचं ९०, आणि प्रत्येकात कमी-जास्त ५ ची अनिश्चितता आहे. फरक १०. पण अनिश्चितता वजा होत नाही, ती एकत्र होऊन ७ च्या आसपास जाते. मूळ मोजमापात शेकडा ५ चूक होती, फरकात ती शेकडा ७० झाली! आपल्याला हवा असलेला रंग नेमका त्या फरकात असतो.

भरपूर प्रकाशात हे निभावतं. फोटॉन मोजताना येणारी अनिश्चितता त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. दहा हजार फोटॉन आले तर ती १०० असते, म्हणजे शेकडा १. शंभरच आले तर १०, म्हणजे शेकडा १०. सूर्य मावळला, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवला, की दुसरी परिस्थिती येते. वजाबाकी तिला आणखी बिघडवते आणि आकाशात हिरवट-जांभळे डाग दिसू लागतात. म्हणून हा कॅमेरा आयएसओ १०० किंवा २०० वर, उन्हात किंवा ट्रायपॉडवर चालवायचा.

कृष्णधवल फोटो मात्र ८०० आयएसओवरही सुरेख येतात आणि त्याचं कारणही याच गणितात आहे. रंग वेगळे करायचे नसतील तर वजाबाकीची गरजच नाही. तिन्ही थर मिळवता येतात किंवा सगळ्यात जास्त प्रकाश टिपणाऱ्या वरच्या थरावर भर देता येतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल करताना रंगाचं मिश्रण निळ्याकडे सरकवून पाहा. दाणेदारपणा डोळ्यांदेखत कमी होतो.

आता लेन्स बदलता का येत नाही? सेन्सरच्या कोपऱ्यांवर प्रकाश तिरपा पडतो. साध्या सेन्सरलाही त्याचा त्रास होतो. थरांच्या सेन्सरमध्ये तर तिरपा किरण एका पिक्सेलच्या वरच्या थरातून शिरून शेजारच्या पिक्सेलच्या तळात पोहोचू शकतो, आणि कोपऱ्यांत रंगाची छटा चढते. लेन्स एकच असेल तर कोणत्या कोपऱ्यात किती तिरपा प्रकाश येणार हे आधीच ठाऊक असतं, दुरुस्ती नेमकी करता येते. शिवाय लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये आरसा नसल्यामुळे लेन्सची मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते. सिग्माने ही कल्पना शेवटपर्यंत ताणली. वेगळी लेन्स हवी तर वेगळा कॅमेरा घ्या, असा तो हिशेब: डीपी१ मध्ये १९ मिलिमीटर, डीपी२ मध्ये ३०, डीपी३ मध्ये ५०. तिघांचा सेन्सर एकच.

२०१४ साली आलेल्या क्वाट्रो पिढीत वरच्या थरात सुमारे दोन कोटी पिक्सेल आणि खालच्या दोन थरांत प्रत्येकी सुमारे ४९ लाख अशी तडजोड झाली. तपशील वरच्या थरातून घ्यायचा, रंग खालच्यांच्या मदतीने काढायचा. फाइल हलकी झाली, रंगही जरा शहाण्यासारखे वागू लागले. मला मात्र मेरिलच्या फोटोतला पोत अधिक आवडतो. तिथे तिन्ही थर समान आहेत. पुढे २०१८ साली कंपनीने फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, आकाराचा तीन थरांचा सेन्सर आणायचं जाहीर केलं, पण तो ठरल्या वेळी आला नाही आणि २०२१ साली काम पुन्हा आराखड्यापासून सुरू करावं लागलं.

हे कॅमेरे आता जुन्या बाजारातच मिळतात आणि घेणाऱ्याने सॉफ्टवेअरचा विचार आधी करावा. मेरिलच्या रॉ फाइल उघडणारी सॉफ्टवेअर मोजकीच आहेत आणि मुख्य भिस्त सिग्माच्या मोफत पण संथ सॉफ्टवेअरवर आहे. नवा कॉम्प्युटर घेताना ते त्याच्यावर चालतं का, हे आधी पाहून घ्यावं लागतं. जपायचे फोटो मी १६ बिट टिफ या, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडणाऱ्या फाइल-प्रकारातही काढून ठेवतो. मूळ रॉ फाइल मात्र पुसत नाही, कारण तीन थरांची कच्ची मोजमापं फक्त तिच्यात असतात, आणि वजाबाकीची अधिक चांगली पद्धत उद्या कुणी शोधली तर ती त्याच आकड्यांवर चालवावी लागेल.