छातीतली कळ: पुढच्या कूर्चेची की मागच्या सांध्याची?

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडकडची माणसं ठरलेली तक्रार घेऊन नाशिकला माझ्याकडे येतात. दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून कात्री चालवायची, आणि चार-आठ दिवसांत छातीत कळ. ईसीजी नॉर्मल. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं कॉस्टोकॉन्ड्रायटिस. घरचे म्हणतात उसण भरली. दोन्ही एकच समजतात, घोळ तिथेच होतो.

कॉस्टोकॉन्ड्रायटिस पुढचं. बरगडी आणि छातीचं मधलं हाड यांच्यामध्ये कूर्चा असते. तिथे, बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी, बोट दाबलं की माणूस 'हां, हेच' म्हणतो. सूज नसते. सूज दिसली तर टिट्झे सिंड्रोमचा विचार करायचा; ते १९२१ पासून वेगळं ओळखलं जातं.

मागचं दुखणं, घरचे ज्याला उसण म्हणतात ते, फसवं. पहिल्या दहा बरगड्या मणक्याशी दोन-दोन ठिकाणी सांध्यांनी जोडलेल्या असतात. त्यातला एखादा आखडला की शिंकताना, कुशीवर वळताना चमक निघते आणि बरगडीच्या कडेने पुढे येते. परवा एकाला पालथं झोपवून मणक्याशेजारी अंगठा दाबला, तर तो ओरडला, "अहो, छातीत दुखलं!"

यावरून काही थेरपिस्टांचा दावा असा, की पुढची कूर्चाही मागचे सांधे आखडल्यामुळेच ताणली जाते. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० ओढी. तर्क पटतो. पुरावा मात्र बराचसा एकेका रुग्णाच्या नोंदींचा. शिवाय हे दुखणं बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप उतरतं. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते म्हणतात. ती बहुधा जायचीच असते. माझ्या हातांवरही हीच शंका घ्यावी लागते.

म्हणून मागे दाबून पुढची कळ उठली, तरच मी तीन-चार वेळा सांधे हलकेच मोकळे करून बघतो. नाहीतर शेक, थोडी विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. हाडं ठिसूळ असतील तर जोर लावत नाही. आणि दाबून दुखतं म्हणजे हृदय ठीकच, असं नाही: घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर माझ्याकडे न येता थेट इस्पितळ गाठायचं.

त्या छाटणीवाल्याला म्हटलं, पायाखाली स्टूल घे, हात खाली राहतील. तो म्हणाला, "एकराचा ठेका आहे. स्टूल सरकवत बसलो तर ओळी कधी संपायच्या?"