दोन इंजिनं, म्हणून एक बंद पडलं तरी विमान चढतंच?

‘दोन इंजिनांच्या छोट्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर चढण्याचा वेग फार तर निम्मा होतो,’ असं नेहमी सांगितलं जातं. ऐकायला पटतं, पण हिशेब वेगळा आहे.

विमान चढतं ते उंची टिकवून उरलेल्या शक्तीवर. समजा, एकूण ३६० अश्वशक्ती आहे आणि सरळ उडायला १५० लागते. चढायला उरली २१०. एक इंजिन गेलं की हातात १८०, त्यातून १५० वजा, उरली ३०. म्हणजे सातवा हिस्सा! त्यातही बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला, चाकं खाली असली, तर तेवढीही उरत नाही.

कमाल टेकऑफ वजन पाळलं की झालं, हाही गैरसमजच. जुन्या नियमांनुसार प्रमाणित झालेल्या अनेक हलक्या विमानांना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे, अशी अटच नव्हती.

पडताळायचं असेल तर विमानाच्या मॅन्युअलमधला एका इंजिनावरच्या चढाईचा तक्ता उघडा. तापमान, उंची आणि वजन घालून पाहा. उकाड्यात, उंचावरच्या धावपट्टीवर, भरल्या विमानाचं उत्तर शून्याखालीही येतं. तेव्हा वेगदर्शकावरची निळी रेघ, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगल्या चढाईचा वेग, अचूक धरली तरी विमान खालीच येतं, फक्त सावकाश.