भिंतीचा लोणा आणि तोफेची दारू

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत पावसाळा सरला की तळमजल्याच्या भिंतीला लोणा लागतो. यंदा शेजारच्या काकूंना कुणी सांगितलं, हा वास्तुदोष आहे, शांत करून घ्या. दोष ओलीचा आहे. विटांतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पूजेचे पैसे प्लंबरला द्यावेत.

अशाच एका पांढऱ्या क्षारावर, सोऱ्यावर, फ्रान्सची क्रांती तगली. २० सप्टेंबर १७९२ रोजी ईशान्य फ्रान्समधल्या व्हाल्मीला जुने शिपाई आणि नवे स्वयंसेवक यांच्या फौजेनं प्रशियाचं कवायती सैन्य थोपवलं. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही रद्द झाली. हा विजय निव्वळ जोशाचा, असं सर्रास सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. व्हाल्मीची लढाई मुख्यतः तोफांची होती, आणि गोलंदाज राजाच्या फौजेत शिकून तयार झालेले होते.

ऑगस्ट १७९३ मध्ये सरसकट लष्करभरतीचा हुकूम निघाला. माणसं मिळाली, पण तोफेच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा लागतो. उत्तम सोरा बिहारचा, आणि तो शत्रूच्या, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यात. मग डिसेंबरमध्ये नागरिकांना आवाहन झालं: आपापल्या तळघरांची, गोठ्यांची माती धुऊन सोरा काढा.

त्या मातीत सोरा येतो कुठून? शेण-मुताच्या कुजण्यातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. त्यांना हवा लागते, आणि आम्ल मारायला चुना. जुन्या भिंतींत दोन्ही असतं. वर छप्पर हवं, कारण नायट्रेट पाण्यात चटकन विरघळतं. उघड्यावर आपल्या कोकणातला पाऊस ते सहज धुऊन नेईल.

हाती येतं ते बहुतांशी कॅल्शियम नायट्रेट. ते हवेतली ओल ओढतं, दारूला कुचकामी. म्हणून त्यात लाकडाच्या राखेचं पाणी घालतात. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतो, पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, द्रावणात उरतो. सोबत मीठही असतं, पण ते गरम आणि गार पाण्यात जवळपास सारखंच विरघळतं. सोरा मात्र १०० मिली उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम मावतो, शून्य अंशाला जेमतेम १३! द्रावण आटवून गार केलं की सोऱ्याचे स्फटिक खाली, मीठ पाण्यात.

१७९४ च्या सुरुवातीला बर्थोले, मोंज यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या नागरिकांना हीच कृती पॅरिसमध्ये शिकवली. २६ जून १७९४ रोजी फ्लरसच्या रणात या नागरिक-सेनेनं ऑस्ट्रियाच्या आणि मित्रराष्ट्रांच्या फौजेला मागे रेटलं, आणि बेल्जियम फ्रान्सच्या हाती आला.